संवेदनशील त्वचेसाठी घरच्या घरी काय वापरावं? लेप लावल्यावर चुरचुरतं, ते बरोबर आहे का?

तुम्ही लिहिलंय की साबण लावला की चेहरा ओढल्यासारखा होतो, गालांवर पांढरे पापुद्रे सुटतात. मावशींनी बेसन, हळद आणि लिंबाचा लेप वीस मिनिटं लावायला सांगितला. लावला की चुरचुरतं, त्यावर मावशी म्हणतात, "चुरचुरतंय म्हणजे लागू पडतंय."

लागू पडत नाहीये, कातडी सोलवटतेय. या एका वाक्याशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून आधी त्याचंच बोलते, बाकीचं नंतर.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर कागदाहून पातळ असतो. मेलेल्या पेशी आणि त्यांच्या मधून भरलेला स्निग्धांश, एवढंच त्यात असतं. सारवलेल्या जमिनीला तडे जावेत तसा हा स्निग्धांश कमी झाला की त्याला भेगा पडतात. आतलं पाणी उडून जातं, म्हणून चेहरा ओढतो. बाहेरचं आत शिरून नसांच्या टोकांपर्यंत पोचतं, म्हणून चुरचुरतं. ज्याची त्वचा धड आहे त्याला तोच लेप बहुधा जाणवतही नाही. म्हणजे चुरचुर औषधाचा गुण सांगत नाही, भेगा आहेत एवढंच सांगते.

आता त्यात लिंबू. निरोगी त्वचेचा सामू (pH, आम्ल-क्षार मोजायचा आकडा; जितका कमी तितकं आंबट) साधारण 5 च्या आसपास असतो आणि लिंबाच्या रसाचा 2 ते 2.5. सामूतला एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट आम्लता, तेव्हा लिंबू त्वचेपेक्षा काहीशे पट आंबट आहे. वर लेप काढायला साबण लावला तर त्याचा सामू 9-10, म्हणजे एकदम दुसरं टोक. खाण्याच्या सोड्याचं पाणीही 8 च्या वरच जातं. "लिंबाने सोडा मारला जातो" म्हणून दोन्ही एकत्र लावणारे आहेत, पण कोणतं किती पडलं हे चमच्याने कळत नाही. चेहऱ्यावर ते करू नका.

लिंबाचा खरा धोका उन्हाचा आहे. लिंबात, विशेषतः आपल्या कागदी लिंबाच्या सालीत, फ्युरोकौमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखी इजा होते. ती लगेच दिसत नाही. एक-दोन दिवसांनी लाली येते, कधी फोड येतात आणि मागे उरतो काळपट डाग, जो आठवडे किंवा महिने जात नाही. रस जिथून ओघळला तिथे पट्टे दिसतात. रंग उजळावा म्हणून लिंबू चोळायचं आणि त्यानेच डाग पडायचे, आणि दोन दिवस मधे गेलेले असल्यामुळे लिंबावर कुणाचा संशयही जात नाही. पिळलेल्या फोडीने कोपर, मान, काख घासणं तर सगळ्यात वाईट, कारण साल थेट घासली जाते.

याच जातीचं द्रव्य, सोरालेन, बावची या औषधी बीमध्ये असतं. घरगुती उटण्याच्या काही याद्यांमध्ये नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद यांच्या जोडीला बावचीही असते. बावची हे कोडावर उन्हाच्या हिशोबाने, वैद्य किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचं औषध आहे. रोज तोंडाला लावायच्या पिठात तिचं काम नाही. तयार उटणं घेत असाल तर पाकिटामागची यादी वाचा, आणि काष्ठौषधीच्या दुकानातून सुटं घेत असाल तर बावची घालू नका असं सांगून घ्या.

बेसनाशी माझं वैर नाही. चुकतं ते ठेवण्यात आणि काढण्यात. लेप सुकला की आकसतो, त्वचेतलं पाणी ओढतो आणि मग तो सोडवायला घासावं लागतं. मुलतानी माती यात बेसनाच्याही पुढे, तुमच्या त्वचेला ती नकोच. बेसन वापरायचंच तर वस्त्रगाळ करून घ्या. पिठाच्या चाळणीतून नाही, जुन्या मऊ धोतराच्या किंवा मलमलीच्या कापडातून. एक चमचा बेसन, एक चमचा ताजी साय, लागेल तसं पाणी, ताकाइतकं पातळ. ओल्या चेहऱ्यावर बोटांनी फिरवायचं आणि मिनिटभरात, ओलं असतानाच, नुसत्या पाण्याने धुवायचं. मसुरीच्या डाळीचं भरड पीठ, अक्रोडाचं टरफल, साखर, कॉफी हे सगळं पापुद्रे सुटलेल्या गालाला वर्ज्य. पापुद्रा दिसतो म्हणून घासलं की खालचा कच्चा थर उघडा पडतो, आठवड्याने दुप्पट पापुद्रे येतात आणि माणूस आणखी घासतो.

हळदीचं थोडक्यात. चेहऱ्याला तिची गरज नाही. सुटी हळद भेसळीची असू शकते आणि शुद्ध हळदीनेही काहींना पुरळ येतं. एक गोंधळ मात्र टाळा: हळद क्षाराने लाल होते, हळदीला चुना लावून कुंकू करतात ते त्यामुळेच. हळदीच्या लेपावर साबण फिरवला की तांबूस डाग पडतात ते तेच. त्यात खाज नसेल तर ती ॲलर्जी नव्हे.

मग वापरायचं काय? तुमच्यासाठी पहिली वस्तू ओट्स. आपल्या परंपरेतली नाही, पण पुरावा तिच्याकडे आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2003 साली ओट्सच्या बारीक पिठाला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली. साधे ओट्स घ्या, मसाला किंवा साखर असलेले नकोत. कोरड्या मिक्सरमध्ये फिरवा, थांबून थांबून, पीठ गरम होऊ देऊ नका. मग वस्त्रगाळ करा. परीक्षा अशी: पेलाभर पाण्यात एक चमचा पीठ ढवळा. पाणी दुधाळ होऊन तसंच राहिलं तर बरोबर. तळाशी चोथा बसला तर परत दळा. चेहऱ्यासाठी एक चमचा पीठ आणि दोन चमचे कोमट पाणी, दोन मिनिटं ठेवून धुवा. अंगासाठी अर्धी वाटी पीठ मलमलीच्या पुरचुंडीत बांधून बादलीत दहा मिनिटं भिजवा, पिळून काढा आणि ते पाणी अंगावर घ्या. पुरचुंडीने अंग घासू नका. आणि फरशी भयंकर निसरडी होते, घरात वयस्कर माणसं असतील तर लगेच धुऊन टाका.

दुसरी वस्तू तेल. दिवाळीत आपण आधी तेल आणि मग उटणं लावतो, तो क्रम अगदी बरोबर आहे. वर्षभर लोक तो विसरतात आणि कोरड्या अंगावर पीठ चोळतात. कोणतं तेल, याला महत्त्व आहे. लिनोलेइक आणि ओलेइक ही तेलातलीच दोन स्निग्ध आम्लं. लिनोलेइक जास्त असलेलं तेल त्वचेच्या स्निग्धांशाला मानवतं, ओलेइक जास्त असलेलं भेगा वाढवू शकतं. 2013 साली ब्रिटनमध्ये थोड्या लोकांवर एक अभ्यास झाला. ऑलिव्ह तेल रोज काही थेंब लावलं तर काही आठवड्यांत त्वचेचा वरचा थर कमजोर झाला, लाली आली. सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. म्हणून महागाचं ऑलिव्ह तेल सॅलडमध्ये घाला. आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्यात पिकणारी करडई आहे, तिच्या तेलात जवळजवळ तीन चतुर्थांश लिनोलेइक असतं. बाटलीवर "हाय ओलेइक" लिहिलेलं असेल तर तेवढं घेऊ नका. घाण्याचंच हवं हा आग्रहही नको. संवेदनशील त्वचेला रिफाइंड तेल उलट कधी कधी जास्त सोसतं, कारण त्यात बियांचा बाकीचा अंश राहत नाही. मोहरीचं तेल मुळीच नको, झणका असलेली कुठलीही गोष्ट नको. खोबरेल अंगाला उत्तम, चेहऱ्यावर काहींना पुळ्या येतात.

प्रमाण: चेहऱ्याला 3-4 थेंब, बस. अंघोळीनंतर पंचाने टिपायचं, पुसायचं नाही, आणि त्वचा दमट असतानाच दोन-तीन मिनिटांत लावायचं. कोरड्या त्वचेवर नंतर लावलेलं तेल नुसतं वर चकाकतं, धरून ठेवायला खाली पाणीच नसतं. करडईचं तेल लवकर खवट होतं, तेव्हा लहान बाटली आणा, अंधारात ठेवा. वास बदलला की ते त्वचेसाठी बाद.

तिसरी वस्तू, वेळ असेल तर, शतधौत घृत. पन्नास ग्रॅम लोणकढं तूप घ्या, बेरीचा कणही नको, नाहीतर आठवड्यात वास मारेल. तांब्याच्या ताटात किंवा परातीत तेवढंच गार पाणी घालून तळहाताने गोल फेसायचं, दोनेक मिनिटांनी पाणी ओतून द्यायचं, नवं घ्यायचं. असं शंभर वेळा. तूप हळूहळू पांढरं, हलकं, लोण्यासारखं होतं आणि तुपाचा वास जवळजवळ जातो. पाणी कोमट असेल तर तूप विरघळून ताटाला धरतं, फेसलंच जात नाही, म्हणून मे महिन्यात माठाचं पाणी घ्या. तांब्याच्या ताटात ते रात्रभर सोडू नका; हिरवट झाक आली की टाकून द्या. यात पाणी अडकलेलं असतं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचं, कोरड्या चमच्याने काढायचं आणि दोन-तीन आठवड्यांत संपवायचं. दिवसातून एकदा, पापुद्रे सुटलेल्या जागी, वाटाण्याएवढं.

कोरफड लोक कापतात आणि तशीच चोळतात, मग खाज सुटते. सालीखालचा पिवळा चीक त्याचं कारण. तोच चीक सुकवला की काळा बोळ हे औषध होतं. पान कापून, कापलेलं टोक खाली करून पंधरा मिनिटं उभं ठेवा, चीक गळू द्या, धुवा. हिरवा भाग जाड काढा, आतला पारदर्शक गर परत धुऊन घ्या. फ्रिजमध्ये तीन दिवस, त्याहून जास्त नाही. पाणी असलेल्या कुठल्याही घरगुती गोष्टीत जंतू वाढतात आणि ते वासाने नेहमी कळतातच असं नाही. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून घातली की टिकतं, हे खोटं आहे. ती तेल खवट व्हायला उशीर लावते, जंतूंना अडवत नाही.

सुगंधी तेलं, म्हणजे टी ट्री, लॅव्हेंडर, संत्र्याचं, ही तुमच्यासाठी नाहीत. बाटली उघडून जुनी झाली की हवेने त्यातली द्रव्यं बदलतात आणि ॲलर्जीची शक्यता वाढते.

परीक्षा कशी करायची? कानामागे एक रात्र लावून काही कळत नाही. खरी ॲलर्जी दोन-चार दिवसांनी उठते. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या जागेवर, सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावा. पीठ असेल तर चेहऱ्यावर ठेवणार तितकाच वेळ ठेवून धुवा. एका वेळी एकच नवी वस्तू. तीन एकदम सुरू केल्या आणि पुरळ आलं, तर दोष कोणाला द्याल?

मावशींचं मन मोडायचं नसेल तर उटणं त्यांच्याच हातचं घ्या. लिंबू आणि बावची वगळून, मऊ कापडातून गाळून, तेलावर लावून, ओलं असताना धुवायचं, एवढ्या चार गोष्टी मात्र त्यांच्याकडून कबूल करून घ्या. आणि लावल्यावर चुरचुरलं तर त्या समोर बसलेल्या असल्या तरी उठून धुवा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. त्वचा फाटलेली असेल, पाणी सुटत असेल, तर बेसन, साय, ओट्स, तूप, काहीही खाद्यपदार्थ त्यावर नको. इसब असलेल्या तान्ह्या बाळाला तर डाळीचं पीठ आणि दूध लावूच नका. फाटक्या त्वचेतून अन्नाची प्रथिनं आत गेली की शरीर त्यांना शत्रू समजायला शिकू शकतं. जपानमध्ये 2010 च्या सुमारास गव्हाचं प्रक्रिया केलेलं प्रथिन असलेला चेहऱ्याचा साबण वापरून दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली, पुढे गहू खाल्ल्यावर त्रास होऊ लागला.

आणि तुमच्या प्रश्नात नाही, पण विचारते: गोरेपणासाठी किंवा डागांसाठी मेडिकलमधून आणलेली एखादी ट्यूब महिनोन्‌महिने लावलीत का? तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलंय का? तसं असेल तर ही संवेदनशीलता स्टिरॉइडने आलेली असू शकते, तिला घरचा कुठलाच लेप पुरा पडत नाही. ट्यूब एकदम बंद केली तर चेहरा आणखी लाल होऊन भडकतो आणि माणूस घाबरून परत तीच लावतो. ती ट्यूब पिशवीत घाला आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, कशी सोडायची ते तेच सांगतील. तोपर्यंत घरच्या लेपांऐवजी चेहऱ्याला नुसतं कोमट पाणी आणि डोक्यावरून ओढणी.