मुलाचे बालरोगतज्ज्ञ आणि बाहेरगावचे स्पेशालिस्ट एकमेकांशी बोलतात का? साधा ताप आला तर कुणाकडे जायचं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या बालरोगतज्ज्ञांनी तुमच्या चार वर्षांच्या मुलाला मुंबईला स्पेशालिस्टकडे पाठवलं, तिथली औषधं सुरू झाली, आणि आता खोकला-तापाला कुणाला विचारायचं यावरून घरात रोज वाद होतो. आजार कोणता ते तुम्ही लिहिलं नाही, त्यामुळे औषधांबद्दल मी सल्ला देणार नाही. पण दोन गावांत दोन डॉक्टर असलेलं मूल मी पाच वर्षं सांभाळतेय. त्यावरून सांगते, डॉक्टर आपणहून एकमेकांना फोन करतीलच असं धरून चालू नका. त्यांना बोलतं करावं लागतं. एकदा केलं की ते मनापासून बोलतात.

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना सकाळी उठला की डोळ्यांभोवती सुजलेला दिसायचा, दुपारपर्यंत सूज उतरायची. आम्ही ॲलर्जी समजून दहा-बारा दिवस घालवले. नाशिक रोडला आमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ आहेत, त्यांनी लघवी तपासायला लावली आणि त्या संध्याकाळी नेफ्रोटिक सिंड्रोम हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं. किडनीच्या गाळणीतून प्रोटीन लघवीवाटे निसटतं, रक्तातलं कमी होतं आणि अंगावर सूज चढते. पहिला कोर्स इथेच झाला, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ६ आठवडे रोज आणि पुढचे ६ आठवडे दिवसाआड. या आजारात बहुतेक मुलं स्टिरॉइडला दाद देतात, आमच्यानंही दिली. पण औषध कमी करत आणलं की आजार उलटायचा. वर्षात तिसऱ्यांदा उलटल्यावर डॉक्टर म्हणाले, “आता लहान मुलांच्या किडनीच्या तज्ज्ञांना दाखवू. मी चिठ्ठी देतो.”

ती अर्ध्या पानाची चिठ्ठी मी अजून जपून ठेवलीय. पहिली सूज कधी आली, किती मिलिग्रॅम औषध किती दिवस दिलं, लघवी कितव्या दिवशी स्वच्छ झाली, वजन, उंची, रक्तदाब, राहिलेल्या लसी. आणि शेवटी एक प्रश्न, दुसरं औषध जोडायचं का? पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेसनं आम्ही मुंबईला गेलो. तिथल्या मॅडमनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि झालेल्या तपासण्या पुन्हा न करता थेट त्या प्रश्नावर आल्या. तुम्हाला फक्त मुलाचं नाव, वय आणि आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी मिळाली असेल, तर परत जाऊन सविस्तर मागा. बहुतेक डॉक्टर देतात, गर्दीत तेवढा वेळ त्यांना मिळालेला नसतो इतकंच.

परतीच्या कागदात मात्र घोटाळा झाला, आणि त्याची किंमत मुलानं मोजली. प्रेडनिसोलोनचं सिरप दोन ताकदींत मिळतं. एकाच्या ५ मिलीमध्ये ५ मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्याच्या ५ मिलीमध्ये १५. मुंबईच्या ओपीडीच्या कागदावर नुसतं “५ मिली, दिवसाआड” लिहिलं होतं. लिहिणाऱ्याच्या मनात जास्त ताकदीचं सिरप होतं, आमच्या फ्रिजजवळच्या फडताळात कमी ताकदीची बाटली होती. मी रात्री दिवाळीच्या पणतीत तेल घालावं इतक्या जपून ५ मिली मोजत होते आणि मुलाला औषध एक तृतीयांशच जात होतं. लघवीत प्रोटीन जातंय का ते आम्ही घरी पट्टी बुडवून बघतो, नवव्या दिवशी ती पट्टी पिवळ्याची हिरवी झाली, म्हणजे प्रोटीन पुन्हा जायला लागलं होतं.

इथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “बाटली आणलीत का?” बाटलीवरचं लेबल वाचून त्यांनी माझ्यासमोर मुंबईला फोन लावला. पाच-सात मिनिटं दोघं बोलले. बाहेर पंचवीस पेशंट बसलेले असताना त्यांनी ती मिनिटं दिली, हे मी विसरू शकत नाही. आमचं सगळं तेव्हापासून रुळावर आलं, कारण कुणी काय करायचं हे त्या फोनवर ठरलं. स्टिरॉइड आणि नंतर जोडलेलं दुसरं औषध लेव्हामिसोल, या दोन्हींचा डोस फक्त मॅडम बदलणार. ताप, जुलाब, लसी, वाढ, दर महिन्याचा रक्तदाब इथे. डोस कायम मिलिग्रॅममध्ये लिहायचा आणि सोबत बाटलीची ताकद. कुठल्याही गावचा नवा कागद मिळाला की त्याच दिवशी मी त्याचा फोटो दुसऱ्या डॉक्टरांना पाठवायचा.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर, तापाला आधी इथल्या बालरोगतज्ज्ञांकडेच जा. कसारा घाट उतरून तापासाठी मुंबई गाठण्यात अर्थ नाही, आणि फोनवर छाती तपासता येत नाही. फक्त इथल्या डॉक्टरांना तापात काय वेगळं करायचं हे आधीच माहीत असायला हवं. त्यासाठी स्पेशालिस्टकडून एक कागद मागून घ्या. आमच्या घरात त्याला “तापाचा कागद” म्हणतात. आमच्या कागदावर लिहिलंय की तापाला पॅरासिटामॉल चालेल, आयबुप्रोफेन नको, म्हणून मेडिकलमधून तापाचं सिरप घेताना ती दोन्ही एकत्र नाहीत ना हे लेबलवर वाचायचं. दिवसाआडचा डोस चालू असताना सर्दी-ताप आला तर तोच डोस ५ ते ७ दिवस रोज. पट्टीवर सलग ३ दिवस तीन प्लस, म्हणजे बरंच प्रोटीन, आलं तर मॅडमना कळवायचं. तापासोबत पोट खूप दुखलं तर सकाळची वाट बघायची नाही. आणि स्टिरॉइड एकदम कधीच बंद करायचं नाही, कारण बाहेरून मिळतंय म्हणून शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं मंदावलेलं असतं. उलट्यांमुळे औषध पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना.

हे आमच्या मुलापुरतं आहे, तुमच्या कागदावर वेगळं असेल. फिट्सच्या मुलाच्या कागदावर फिट किती मिनिटं चालली तर काय करायचं ते असेल, हृदयाला छिद्र असलेल्या मुलाच्या कागदावर दूध पिताना धाप लागली, घाम आला तर काय ते असेल. गेल्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता माझ्या मुलाला तापात पोटदुखी सुरू झाली. आमचे डॉक्टर गावाला गेले होते, म्हणून ओळख नसलेल्या दवाखान्यात न्यावं लागलं. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरनं आधी तो कागद वाचला आणि मग मुलाला हात लावला. पोटात संसर्ग असू शकतो हे लक्षात घेऊन लगेच दाखल करून अँटिबायोटिक सुरू केलं. त्या वेळी मला धड बोलताही येत नव्हतं.

लसींबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण दोन डॉक्टर असले की नेमक्या त्याच राहून जातात. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं बघितलं असेल. स्टिरॉइडचा मोठा डोस चालू असताना जिवंत विषाणूंच्या लसी देत नाहीत, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, तोंडावाटेचा पोलिओ. उलट न्यूमोकोकल आणि दर वर्षीची फ्लूची लस अशा मुलांना आवर्जून देतात. पोलिओच्या रविवारी आशाताई दारात आल्या तेव्हा सासूबाई त्याला घेऊन पुढे झाल्या होत्या. थेंब का द्यायचे नाहीत हे मला तेव्हा नीट समजावता आलं नाही, म्हणून डॉक्टरांकडून लेखी आणलं आणि ते लसीच्या कार्डालाच स्टेपल केलं. थांबलेल्या लसी कधी द्यायच्या ती तारीख दोघा डॉक्टरांनी बोलून ठरवली. तुमच्या मुलाचं कार्ड घेऊन दोघांनाही स्वतंत्रपणे विचारा, “यातली कुठली थांबवायची, कुठली जास्तीची द्यायची?”

फोटो पाठवले, फोनवर बोललं तर चालतं का, असंही तुम्ही विचारलंय. टेलिमेडिसिनचे राष्ट्रीय नियम मार्च २०२० मध्ये आले आणि त्यात एका डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला दुरून घेण्याचीही सोय आहे. त्यामुळे दर वेळी मुलाला घेऊन प्रवास करायलाच हवा असं नाही. आमच्या तीन भेटींपैकी एक आता व्हिडिओवर होते, वजन आणि रक्तदाब इथे मोजून. मूल कुठे दाखल झालं असेल तर त्या कागदपत्रांच्या प्रती मागायला संकोचू नका. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या द्यायच्या असतात. आणि खर्चाची ओढाताण असेल तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. २०१३ पासून तो आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि अंगणवाडी किंवा सरकारी शाळेच्या तपासणीतून पुढच्या मोफत उपचारापर्यंत त्यातून पाठवतात.

मुंबईची पुढची तारीख जवळ आली असेल तर त्याच्या आठवडाभर आधी इथल्या डॉक्टरांकडे नंबर लावा. शक्यतो दुपारच्या शेवटच्या वेळेचा, म्हणजे बाहेर गर्दी नसते. घरातली प्रत्येक बाटली आणि पाकीट पिशवीत घालून न्या, कागद तारखेप्रमाणे लावून न्या, आणि त्यांना सांगा, “मुंबईच्या डॉक्टरांना तुम्हाला जे विचारायचंय ते चिठ्ठीत लिहून द्या, उत्तर मी लेखी घेऊन येते.”