शेड्यूल झालेल्या सर्वेला आता हात लावू का?

सोमवारी सकाळी ९ वाजता एंगेजमेंट सर्वेची (कर्मचाऱ्यांचं कामात किती मन लागतं हे विचारणाऱ्या प्रश्नावलीची) लिंक सगळ्या कर्मचाऱ्यांना जाणार होती, आणि शुक्रवारी दुपारी एचआरमधल्या एका बाईंच्या लक्षात आलं की २२ वा प्रश्न फसलाय. "बदललं तर बाकीचं बिघडेल, नाही बदललं तर निकालाच्या बैठकीत माझीच शोभा." ही घालमेल अनेकांची असते.

प्रश्न होता: 'माझे वरिष्ठ माझं ऐकून घेतात आणि वेळेवर निर्णय देतात.' असहमतपासून सहमतपर्यंत ५ पर्याय. ज्याचे साहेब ऐकतात पण निर्णय लोंबकळत ठेवतात, त्याने काय निवडावं? तो बहुधा मधला पर्याय दाबून मोकळा होतो, आणि त्या ३ वरून कुणालाच काही कळत नाही.

मी त्यांना पहिलं विचारलं: एक तरी उत्तर आलंय का? नाही. मग घाबरण्याचं फारसं कारण उरत नाही. उत्तरं सुरू झाल्यावर शब्द बदलले तर दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच आकड्यात मिसळतात. हा धोका अजून आलेला नव्हता.

आधी शेड्यूल काढून सर्वे ड्राफ्टमध्ये घ्यायचा, नाहीतर दुरुस्ती अर्धवट असतानाच तो सुटण्याची भीती. मग त्या प्रश्नाचे दोन प्रश्न. "गेल्या वर्षीशी तुलना तुटेल ना?" तुटेल, तुटू द्या, जुना आकडाही अर्थहीनच होता. बाकीच्या जुन्या प्रश्नांना मात्र हात लावायचा नाही. 'नेहमी'च्या जागी 'बहुतेकदा' घालण्याची हौस इथे नडते.

दोन जागा हमखास सुटतात. दुसऱ्या भाषेतला अनुवाद जुनाच राहतो. आणि मूळ प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून उघडणारा उपप्रश्न कुठेच जोडलेला राहत नाही.

हे बोलता बोलता खरी अडचण भलतीकडेच सापडली. किमान ५ उत्तरं आल्याशिवाय गटाचा निकाल दिसू नये, अशी मर्यादा त्यांनी लावली होती. पण निकाल सेवाकाळानुसार, म्हणजे नवे-जुने असा फोडूनही दिसणार होता, आणि ६ जणांच्या एका विभागात नवा माणूस एकच. सहाही जणांनी उत्तरं दिली, तर सहांची आणि जुन्या पाचांची सरासरी शेजारी ठेवून त्या सहाव्याचं उत्तर साध्या वजाबाकीने निघतं. त्यांनी त्या विभागाचा निकाल सेवाकाळानुसार फोडून दाखवणं बंद केलं. २२ व्या प्रश्नापेक्षा ही दुरुस्ती मोलाची.

पुन्हा शेड्यूल करताना तारीख, वेळ, टाइम झोन आणि रिमाइंडर स्वतंत्रपणे तपासायचे. सर्वे पुढे ढकलला तरी रिमाइंडर जुन्याच तारखांना अडकून राहू शकतात. शेवटी टेस्ट लिंक मोबाइलवर उघडून, दोन्ही भाषांत, सबमिटपर्यंत जायचं आणि ती चाचणीची उत्तरं पुसून टाकायची.

"आणि साहेबांना काय सांगू?" माफीनामा नको. त्यांनी दोन ओळींचा मेल टाकला: '२२ वा प्रश्न दोन भागांत केला आहे, त्याची तुलना पुढच्या वर्षीपासून मिळेल. सर्वे ठरल्याप्रमाणे सोमवारी ९ वाजता जाईल.'