‘बरं वाटतंय’ हे मला सांगू नकोस

प्रिय बेटा,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. ‘सर, ग्राफ्ट फाटलंय. गादीपण. संपलं का?’ आणि तीन मिनिटांनी दुसरा : ‘सप्टेंबरच्या ट्रायलपर्यंत होईन ना बरी?’ एकाच पोरीने तीन मिनिटांत हे दोन्ही प्रश्न विचारावेत याचा मला आधी राग आला, मग हसू आलं आणि मग झोप लागली नाही. फोन केला असता, पण फोनवर तू नुसती ‘हो सर, हो सर’ करतेस. म्हणून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी मानकापूरच्या हॉलमध्ये बास्केटबॉल खेळताना तू रिबाउंडला, रिंगवरून परतलेल्या चेंडूसाठी, उडालीस. आजूबाजूला कोणी नव्हतं, कोणाचा धक्का नाही. खाली येताना डावा गुडघा आत वळला. ‘टक्’ असा आवाज मला बेंचपर्यंत ऐकू आला असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे आवाजबिवाज काही ऐकू आला नव्हता, तुझा चेहरा दिसला होता. तू पंधराची होतीस. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी तू परत आलीस. मी विचारलं, ‘कसं आहे गं?’ तू म्हणालीस, ‘बरं वाटतंय सर.’ आणि मी, इतकी वर्षं या खेळात घासलेला माणूस, तेवढ्यावर तुला खेळणाऱ्या पाचात घेतलं.

तर या पत्रात मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. वाटतं ते सोड. मोज.

डॉक्टरांनी तुझ्या मांडीमागची हॅमस्ट्रिंगची दोरी काढून गुडघ्यात एसीएलच्या, म्हणजे गुडघा स्थिर धरणाऱ्या लिगामेंटच्या, जागी बसवली होती. तेच तुझं ग्राफ्ट. आणि गादी म्हणजे गुडघ्यातल्या दोन हाडांमधली कूर्चा. ती दोरी तिथे गेल्यावर आधी कमकुवत होते, मग तिच्यात हळूहळू रक्तवाहिन्या शिरतात, ती मुरते. लिगामेंटसारखी व्हायला तिला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. दुखणं मात्र तीन-चार महिन्यांत जातं. सूज जाते, जिना चढता येतो, स्कूटी चालवता येते. आत काम अर्धं झालेलं आणि वरून सगळं छान! ‘बरं वाटतंय’ हे वाक्य खोटं नसतं बेटा. ते फक्त गुडघ्याबद्दल नसतं, दुखण्याबद्दल असतं.

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या लोकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास छापला. ऑपरेशननंतर नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितकं पुढच्या दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं होत गेलं. त्याच वर्षीचं दुसरं एक संकलन सांगतं की पंचविशीच्या आतले जे खेळाडू एसीएलनंतर मैदानात परततात, त्यांच्यात साधारण चारातल्या एकाचं पुन्हा जातं. त्याच पायाचं किंवा दुसऱ्या पायाचं. दुसऱ्या पायाचं हे नीट वाच. तू रोज डाव्या पायाला गोंजारत बसतेस आणि उजवा बिचारा दुप्पट ओझं वाहतो.

तुझं दुसऱ्यांदा आहे, तेव्हा नऊ नाही, बारा महिने धर. सप्टेंबरच्या ट्रायलचा विषय माझ्यासमोर परत काढायचा नाही.

डेरिक रोझची रील तू मला तीनदा पाठवलीस. मीही पाहिलेली आहे. २०११ मध्ये बाविसाव्या वर्षी एनबीएचा, अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा, एमव्हीपी म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, २८ एप्रिल २०१२ ला डावं एसीएल, पुढचा अख्खा सीझन बाहेर. परतला, तर उजव्या गुडघ्याची गादी, आणि पुन्हा तीच गादी. मग २०१८ मध्ये मिनेसोटाकडून एका रात्रीत ५० पॉइंट आणि डोळ्यांत पाणी. रीलमध्ये तेवढी रात्र आहे. मधली सहा वर्षं रीलमध्ये मावत नाहीत. ग्रेग ओडनची रील कोणी बनवत नाही. २००७ मध्ये एनबीएच्या टीमनी नवी पोरं निवडली त्यात पहिल्या नंबरचा, सात फुटांचा पोरगा, दोन्ही गुडघ्यांवर ऑपरेशनं, सगळे मिळून १०५ सामने. संपलं.

त्यापेक्षा अमेरिकेतल्या ॲझी फड या पोरीकडे बघ. शाळेत असताना २०१९ मध्ये उजवं एसीएल गेलं, नोव्हेंबर २०२३ मध्ये तेच परत. त्यानंतर ती जवळपास वर्षभर कोर्टावर नव्हती. ६ एप्रिल २०२५ ला तिच्या कनेटिकट युनिव्हर्सिटीने तिथल्या कॉलेजांची फायनल मारली, तिने २४ पॉइंट केले आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. तुझ्यासारखीच पोरगी, तुझ्यासारखंच दोनदा गेलेलं. पण तिच्यामागे दिवसभर फिजिओ होते, ताकद मोजणारी मशीनं होती. आपल्याकडे धंतोलीत आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं मिळतात, त्यातली दहा शेकात जातात. मशीन नाही म्हणून मोजायचंच नाही, असं मात्र मी तुला म्हणू देणार नाही.

शिंप्याची टेप घे. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून पंधरा सेंटीमीटर वर पेनाने खूण कर आणि मांडीचा घेर मोज, दोन्ही पायांचा. दर रविवारी, सकाळी, एकाच वेळी, एकाच माणसाने. मागच्या वेळी सहाव्या महिन्यात तुझी डावी मांडी उजवीपेक्षा अडीच सेंटीमीटर बारीक होती. हे मला आत्ता कळलं, तुझ्या आईने परवा जुन्या फाइलमधला कागद दाखवला तेव्हा. फिजिओबाईंनी लिहून ठेवलं होतं. तू वाचलं नाहीस. मी मागितलं नाही. नुसत्या घेराने ताकद कळत नाही हे मलाही ठाऊक आहे, पण एवढा फरक दिसल्यावर कुठलाही शहाणा माणूस पुढचं विचारतो.

मग उड्या. एका पायावर एक लांब उडी, सलग तीन, रेषेच्या अल्याडपल्याड तीन, आणि सहा मीटर घड्याळ लावून. डावा पाय उजव्याच्या नव्वद टक्के झाल्याशिवाय कोर्टावर खेळणं नाही. त्यातही एक लबाडी असते. तू सात-आठ महिने पडून राहिलीस की उजवाही ढिला होतो, आणि ढिल्याच्या नव्वद टक्के म्हणजे काय? म्हणून उजव्याचं माप ऑपरेशनच्या आधीच घेऊन ठेवायचं. मशीनवर ताकदीचंही. उड्या मात्र तुझ्या सर्जननी परवानगी दिली तरच. आधीच्या मापाची ही अक्कल मला फार उशिरा आली.

किती उशिरा, ते सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये एक गार्ड होता, चेंडू घेऊन खेळ चालवणारा, हाताला चेंडू चिकटल्यासारखा. एसीएलला पाच महिने झाले होते आणि फायनल आली. सकाळी मैदानावर येऊन म्हणाला, ‘काऊन नाही खेळवून राहिले सर, मी एकदम फिट आहो.’ मी खेळवलं. तीन मिनिटं बाकी असताना तो एकटाच पळता पळता बसला. कोणी काही म्हटलं नाही. त्याला खेळायचंच होतं, वडिलांची हरकत नव्हती, डॉक्टर सहा महिने म्हणाले होते आणि पाच झालेच होते, आणि तेव्हा नागपुरात या उड्याबिड्या मोजत कोण होतं? आम्ही फायनल जिंकलो. ती ट्रॉफी अजून क्लबच्या कपाटात आहे. तो आता इलेक्ट्रिकचं दुकान चालवतो, दिसला की ‘काय म्हणता सर’ करून चहा मागवतो. स्टुलावर बसताना डावा पाय लांब ठेवतो. मी त्याच्याकडे कधी बघतो, कधी बघत नाही. बघ, मी अजूनही तुला कारणंच सांगतोय.

माझं स्वतःचं तर काय सांगू. १९८८, युनिव्हर्सिटीची टीम, मी एकवीस वर्षांचा. सेमीफायनलला गुडघा मुरगळला, क्रेप बँडेज गुंडाळून फायनल खेळलो आणि दुसऱ्या दिवशी गुडघा नारळाएवढा. तेव्हा गादी फाटली की काढून टाकायची, हीच रीत होती. काढली. तीन आठवड्यांत चालायला लागलो, केवढा आनंद! गेल्या महिन्यात रामटेकला गेलो होतो. चढताना काही नाही. उतरताना गडाच्या पायऱ्या खेकड्यासारख्या आडव्या होऊन, कठडा धरून एक एक उतरलो. एका माकडाने माझ्याच हातातला प्रसाद नेला आणि मला हात सोडून त्याला हाकलताही आलं नाही. तुझी काकू खाली उभी राहून हसत होती. याच पायऱ्यांवर मी पोरांना पळवायचो.

म्हणून सर्जनना एक प्रश्न नक्की विचार : गादीला टाके घालणार की फाटलेला भाग कापणार? कापलं तर लवकर चालशील, टाके घातले तर आठवडेच्या आठवडे कुबड्या. प्रत्येक फाटलेल्या गादीला टाके बसत नाहीत, ते आत बघूनच कळतं, आणि तो निर्णय त्यांचा. पण ‘लवकर कशाने होईल?’ हा प्रश्न तुझ्या तोंडून जाता कामा नये. तू पन्नाशीत रामटेक उतरणार आहेस.

तुझी आई म्हणाली, ‘सर, पोरीच्या जातीला गुडघे गेले तर पुढं कसं व्हायचं?’ मी चिडलो, चिडायला नको होतं. मुलींमध्ये हे लिगामेंट मुलांपेक्षा दुपटीहून जास्त प्रमाणात जातं हे खरं आहे. त्यावर उपाय घरी बसणं नाही, उडी मारून खाली कसं यायचं ते शिकणं आहे. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, गुडघा अंगठ्याच्या आत न पडू देता. हे मी तुला आठवीत शिकवायला हवं होतं. मी तुला आठवीत तुझ्या उंचीचं कौतुक शिकवलं.

बारावी आहे. जूनअखेर ऑपरेशन झालं तर नववा महिना मार्चअखेरीस येतो, तोवर तुझे पेपर संपलेले असतील, आणि बारावा पुढच्या जूनअखेरीस. इतक्या सोयीच्या तारखा मला आयुष्यात मिळाल्या नाहीत. अभ्यास कर. रेल्वेची नोकरी, सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण, ते सगळं नंतर बोलू. त्यासाठी लागणारी सर्टिफिकेटं तुझ्याकडे थोडी आहेत, थोडी नाहीत. कुबड्या सुटल्या की खुर्चीवर बसून शूटिंग चालेल. तुझं मनगट आळशी आहे, पाय चांगले होते म्हणून खपून गेलं.

‘संपलं का?’ याचं उत्तर आज ना तुझ्याकडे आहे ना माझ्याकडे. पुढच्या जूनमध्ये टेपकडे असेल. तेव्हा जर नव्वद आलं नाही तर मी तुला पाचात घेणार नाही, तू रडलीस तरी. मी पाघळलो, तरी माझं ऐकू नकोस, आकडा बघ. मी पाघळतो, हे वर लिहिलंच आहे.

रविवारी साडेसहाला शिवाजीनगरच्या ग्राउंडवर ये, ऊन चढायच्या आत. रिक्षाने ये, स्कूटी नाही. आईला आण, टेप धरायला तिलाच शिकवायचं आहे. हाफ पँट घाल, पेन मी आणतो. आणि मागच्या वेळचा तुमचा स्टीलचा डबा माझ्याकडेच राहिलाय, तो घेऊन जा म्हणावं.

तुझा,
सर