संगणक-शंका : नवा कोरा पीसी, पण विंडोज काही पडत नाही

प्रश्न : ताई, मुलगी इंजिनिअरिंगला लागली म्हणून नवा पीसी असेंबल करून घेतला. एएमडीचा रायझन ७ ७७०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर५ ६००० च्या १६-१६ जीबीच्या दोन रॅम, एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी. विंडोज ११ टाकायला बसलं की कधी मध्येच ८००७०५७० नंबरचा एरर येतो, फाईल करप्ट आहे म्हणून. कधी निळा स्क्रीन येतो. एकदा त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ होतं, एकदा ‘इर्क्यूएल’ असं काहीतरी. पेनड्राइव्ह बदलला, विंडोज परत डाउनलोड केलं. दुकानदार म्हणतो, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, ओरिजिनल विंडोज विकत घ्या. घेऊ का?
– अ. दे., मिरज

उत्तर : लायसन्स जरूर घ्या, पण या दुखण्यासाठी नको. पैसे भरले तरी फाईल तीच उतरणार, जी तुम्ही मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट उतरवली आहे. लायसन्सची की नसली तरी इन्स्टॉलेशन पूर्ण होतं, ती नंतर टाकता येते.

तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट अशी की एरर दरवेळी वेगळा येतो. पेनड्राइव्हवरची एखादी फाईल खराब असती तर गाडी रोज त्याच स्टेशनावर थांबली असती. आज इथे, उद्या तिथे, परवा निळा स्क्रीन, असं झालं की मी विंडोजकडे बघतच नाही, सरळ हार्डवेअर धरते. आणि नव्या पीसीत पहिला संशय रॅमवर.

इन्स्टॉलेशनमध्येच हे का उघडं पडतं? पेनड्राइव्हवर विंडोज घट्ट दाबून भरलेलं असतं. सेटअप त्याचा एकेक तुकडा रॅममध्ये आणून उलगडतो, बरोबर आहे का ते तपासतो आणि एसएसडीवर लिहितो. उलगडताना एक बिट जरी इकडचं तिकडे झालं तरी तपासणीत फाईल नापास होते आणि ‘करप्ट’ म्हणून ओरड होते. हीच रॅम व्हिडिओ बघताना चुकली तर पडद्यावर एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा दिसेल, तोही तुमच्या लक्षात येणार नाही.

आता रॅमच्या वेगाच्या त्या ६००० बद्दल. डब्यावर तो आकडा मोठ्या अक्षरात असतो, पण रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीचा अधिकृत आकडा रॅमच्या दोन स्टिकना ५२०० आहे. (चार स्टिक लावल्या तर ३६००! तेव्हा पुढे ‘अजून दोन टाकू’ असं मनात असेल तर आत्ताच विसरा.) ६००० ला चालवायला बायोसमध्ये (म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) ‘एक्स्पो’ चालू करावं लागतं, आणि एएमडी त्याला ओव्हरक्लॉकिंगच म्हणते, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. बहुतेक मशिनं ते निमूट सोसतात, काही नाही सोसत. दुकानदार एक्स्पो चालू करून देतो, स्क्रीन आली की मशीन ‘ओके’. रात्रभर टेस्ट लावून बघणारा क्वचित भेटतो.

म्हणून आधी हे करा. पीसी चालू होताना डिलीट दाबत राहा, बायोस उघडेल. तिथे ‘लोड ऑप्टिमाइज्ड डीफॉल्ट्स’ निवडा आणि सेव्ह करून बाहेर पडा. त्याने एक्स्पो बंद होईल. यानंतर काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. घाबरून पॉवरचं बटण दाबू नका. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, त्याला ‘मेमरी ट्रेनिंग’ म्हणतात. या बोर्डांवर ते लांबतं.

मग विंडोज नव्हे, रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम चालवा. फुकट मिळतं, पेनड्राइव्हवर टाकून त्यावरूनच बूट करायचं. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात. ३२ जीबीला बरेच तास लागतील, रात्री लावून झोपा. सकाळी हिरव्या पट्टीत ‘पास’ दिसायला हवं. लाल ओळ एक जरी असली तरी नापास. ‘फक्त दोनच एरर आहेत, चालतं तेवढं’ असं कोणी म्हणालं तर त्याला बिनधास्त हसा. इथे ३५ टक्क्यांना पास करत नाहीत.

नापास झालं तर पीसी बंद करून पॉवरची वायर काढा, एकच स्टिक ठेवा, प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या खाचेत, आणि परत टेस्ट. मग तिच्याजागी दुसरी. एक पास, एक नापास झाली तर दोन्ही परत करा, कारण हा जोड असतो. बदलून एकटी स्टिक घेऊ नका. मेमटेस्टच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, दुकानात वाद घालायला तोच उपयोगी. दोन्ही स्टिक नापास झाल्या तर रॅमला सोडा. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून नवा बायोस टाका (लाईटचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टरवर, कारण अर्ध्यात लाईट गेली तर बोर्ड मेलाच समजा). तरीही तेच झालं तर प्रोसेसर काढून सॉकेटमधली एखादी पिन वाकली आहे का ते दुकानात बघायला लावा.

टेस्ट पास झाली की विंडोज टाका, पण आधी एसएसडीवरची सगळी पार्टिशन उडवून. मधल्या काळात नशिबाने एखादं इन्स्टॉलेशन पूर्ण झालं असेल तरी ते ठेवू नका. बिघडलेल्या फाईली आत लिहिल्या गेल्या असतील, आणि त्या मुलीच्या सबमिशनच्या आदल्या रात्री वर येतील.

आणि हो, एक्स्पो बंद ठेवल्याने पीसी ६००० ऐवजी ४८०० वर चालला म्हणून तिच्या अभ्यासाचं काहीही अडणार नाही.

प्रश्न : सेकंडहँड इंटेल आय९ १४९००के प्रोसेसर घेतला. विंडोज पडलं, पण एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकताना सेटअप मध्येच बंद पडतो. रॅम टेस्ट पास आहे. – स. का., नाशिक

उत्तर : तुमच्याकडे संशयित प्रोसेसर आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेज घेऊन हळूहळू झिजत होते, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. ड्रायव्हरचा सेटअपही दाबलेली फाईल उलगडतो, म्हणून झीज अशा वेळी दिसते. बायोस आधी अपडेट करा. ऑगस्ट २०२४ पासूनच्या अपडेटांत त्यावर दुरुस्ती आहे. पण औषध झीज थांबवायला आहे, झालेली झीज भरून निघत नाही. अपडेटनंतरही तेच होत असेल तर वॉरंटी बघा. इंटेलने या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे. मूळ बिल मागून घ्या, विकणाऱ्याने दिलं नाही तर त्याला ते आधीच माहीत होतं असं समजायला हरकत नाही.

प्रश्न : नव्या लॅपटॉपवर विंडोज टाकताना एसएसडीच दिसत नाही. खराब आहे का? – प. मो., म्हापसा

उत्तर : बायोसमध्ये दिसते ना? मग बहुतेक धडधाकट आहे. इंटेलचा लॅपटॉप असेल तर बहुधा ‘व्हीएमडी’ (एसएसडी हाताळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ‘रॅपिड स्टोरेज’चा ड्रायव्हर घ्या, झिप उघडून पेनड्राइव्हवर टाका आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबून दाखवा. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही काम होतं, पण आत आधीचं विंडोज असेल आणि ते हवं असेल तर त्या वाटेला जाऊ नका, ते बूट होणार नाही.