‘थई जशे’ म्हणणाऱ्याकडे कागद मागा

उन्हाळ्यात निकाल लागले की माझ्याकडे पत्रांचा ढीग पडतो. कारखान्याच्या ट्रेनिंग सेक्शनमध्ये 27 वर्षं पोरांना माप घ्यायचा व्हर्निअर धरायला शिकवलं. वाटलं होतं, निवृत्तीनंतर संध्याकाळी बडोद्याच्या सुरसागर तळ्याच्या काठावर निवांत बसू. पोरं तिथंही गाठतात. या खेपेला सहा प्रश्न घेतलेत. नावं मी काढली आहेत, भाषा ज्याची त्याची.

काकू, मी बी.कॉम. झालो, वय 23. अलकापुरीतले एक कन्सल्टंट कॅनडातल्या खासगी कॉलेजचा बिझनेस मॅनेजमेंटचा दोन वर्षांचा डिप्लोमा सुचवतायत. 20 लाख कर्ज लागेल. बाबा घर तारण ठेवायला तयार आहेत. ‘पुढे वर्क परमिट थई जशे’ असं ते म्हणतात. जाऊ का?
— वाघोडिया रोड

या डिप्लोमासाठी तरी जाऊ नकोस.

‘थई जशे’, म्हणजे ‘होऊन जाईल’, हे आपल्या बडोद्याचं सगळ्यात गोड आणि सगळ्यात महागात पडणारं वाक्य आहे. गाळणी घेऊन बसू आणि त्यातून काय उरतं ते बघू. शिक्षण संपल्यावर तिथं काम करायचा जो परवाना मिळतो, तो खासगी कॉलेजांच्या बऱ्याच डिप्लोमांना मुळात मिळतच नाही. त्यात 1 नोव्हेंबर 2024 पासून ज्यांनी स्टडी परमिटचा अर्ज केला, त्यांच्यासाठी आणखी एक चाळणी लागली. पदवीखालचा कोर्स असेल तर तो आरोग्यसेवा, शेती, विज्ञान-तंत्र, कुशल कारागिरी, वाहतूक अशा ठरावीक यादीत बसावा लागतो. बिझनेस मॅनेजमेंट त्यात सहसा बसत नाही. म्हणजे तुझा कोर्स दोन्हीकडून अडकतो. 20 लाख ज्याच्या भरवशावर काढणार, तो परवानाच हातात येण्याची शक्यता कमी.

आता पैशाचं बघू. 1 सप्टेंबर 2025 पासून एकट्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाच्या राहण्या-जेवणासाठी 22,895 कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, म्हणजे साधारण 14-15 लाख. फी आणि विमानभाडं याच्या वर. तिथं शिकताना कॉलेजबाहेर काम करता येतं ते आठवड्याला 24 तास, त्यातून फी निघत नाही. आणि कर्जाचा हप्ता शिक्षण संपून एक वर्षाने सुरू होतो म्हणून व्याज थांबत नाही. 20 लाखांवर 11 टक्क्यांनी वर्षाला 2 लाख 20 हजार, तीन वर्षांचे 6 लाख 60 हजार. पहिला हप्ता येईल तेव्हा डोक्यावर 26 लाख 60 हजार असतील, आणि दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साडेछत्तीस हजारांच्या वर. हा आकडा बाबांना कागदावर लिहून दाखव. तोंडी सांगितलंस तर ‘होईल रे’ म्हणतील. बाप माणूस.

कन्सल्टंट वाईट माणूस असेलच असं नाही. पण कॉलेजं एजंटांना कमिशन देतात, आणि भाजीवाला आपली भाजी शिळी आहे म्हणत नाही. त्याला इतकंच सांग: या कॉलेजचा डीएलआय क्रमांक (परदेशी विद्यार्थी घ्यायची मान्यता असलेल्या कॉलेजचा नंबर) आणि ‘हा कोर्स शिक्षणानंतरच्या वर्क परमिटला पात्र आहे’ हे वाक्य, दोन्ही लेटरहेडवर लिहून सही करून द्या. मग तो क्रमांक आणि कोर्स कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः ताडून बघ, कारण हे नियम दर काही महिन्यांनी बदलतात. त्यानेच दोन वर्षांपूर्वी पाठवलेल्या दोघांचे फोन नंबरही माग. नंबर दिले नाहीत तर उत्तर मिळालंच.

परदेशाला माझा विरोध नाही. एखाद्या सीएच्या ऑफिसात दोन वर्षं बस, जीएसटीची रिटर्न भर, ऑडिटला जा, हाताशी चार पैसे आणि एक अनुभवाचं पत्र जमव. त्यानंतर सरकारी विद्यापीठाच्या पदवीसाठी अर्ज करणारा तू आज अर्ज करणाऱ्या तुझ्यापेक्षा वेगळा माणूस असशील. घर मात्र तारण ठेवू नकोस.

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ठेकेदाराकडून लागून दोन वर्षं झाली. हातात 14 हजार पडतात. पी.एफ. कापतात म्हणे, पण मी कधी काही पाहिलं नाही. जवळजवळ रोज ओटी (ओव्हरटाइम) असते, पण सिंगल रेटने. मित्र म्हणतो नोकरी सोड, पी.एफ. काढ, मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाक.
— मांजलपूर

दुकानाचं मागून बोलू. आधी तुझी पे-स्लिप कुठे आहे? ‘कापतात म्हणे’ हा शब्द मला कारखान्यातल्या पोराच्या तोंडी सहन होत नाही. मापाला आपण ‘दहा असेल म्हणे’ म्हणतो का?

तुझा यूएएन, म्हणजे पी.एफ.चा कायमचा नंबर घे. पे-स्लिपवर असतो, नसेल तर ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे असतो. उमंग ॲपवर किंवा पी.एफ.च्या साइटवर पासबुक उघड. तुझ्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे 12 टक्के तुझे आणि तितकेच मालकाचे जमा व्हायला हवेत. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शनच्या खात्यात जातात, म्हणून तुझ्या शिलकीत त्याच्याकडचा आकडा लहान दिसतो. तेवढ्यावरून भांडायला जाऊ नकोस, बरीच मुलं इथंच चुकतात. एखादा महिना कोरा दिसला तर मात्र भांड. ठेकेदाराने भरले नाहीत तर ज्या कंपनीच्या फाटकातून तू आत जातोस, त्या कंपनीवर जबाबदारी येते. म्हणून ठेकेदाराच्या आधी कंपनीच्या एच.आर.ला लेखी दे, तिथं हललं नाही तर पी.एफ.च्या तक्रार पोर्टलवर टाक. पैसे लागत नाहीत.

दुसरं कार्ड ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं. 21 हजारांपर्यंत पगार असणाऱ्याचे त्यात 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. तुझ्या पगारात हे महिन्याचे शंभर-सव्वाशे रुपये झाले. त्यात तुझे आणि आईवडील तुझ्यावर अवलंबून असतील तर त्यांचेही उपचार होतात. अटी पुऱ्या असतील तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो. आमच्याकडच्या एका हेल्परने हे कार्ड पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं आणि आईच्या ऑपरेशनसाठी सावकाराकडून पैसे काढले. पेटी उघडली तेव्हा कर्जाचे चार हप्ते गेले होते. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी आम्ही मशीनबद्दल तासभर बोलायचो आणि या कार्डाबद्दल एक मिनिट. चूक आमचीही होती.

ओटीचा दर दुप्पट असतो, एकपट नाही. उद्याच जाऊन सुपरवायझरशी हुज्जत घालू नकोस. एक खिशातली वही कर: तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, मशीनचा नंबर. तीन महिने न चुकता लिही. आणि शिफ्टमधले आणखी चौघं लिहीत असतील तर बोलायला तू एकटा राहणार नाहीस.

आता दुकान. तुझा मूळ पगार 13 हजारांच्या आसपास धरला तर दोन वर्षांत तुझ्या पी.एफ.मध्ये पन्नासेक हजार असतील, त्याहून जास्त नाहीत. रावपुऱ्यात तेवढ्यात दुकानाची पाटीही नीट होणार नाही. शिवाय पाच वर्षांच्या आत काढलेल्या पी.एफ.वर कर लागू शकतो आणि पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. नोकरी बदललीस तरी तोच यूएएन पुढे चालव. रिपेअरिंग शिकायचंच असेल तर रविवारी कुणाच्या तरी दुकानात फुकट बस. सहा रविवार. तेवढ्यात कंटाळलास तर पन्नास हजार वाचले.

बारावी कॉमर्स झालं. मला फाईन आर्ट्सला जायचंय. बाबा म्हणतात, चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय? सी.ए. कर.
— दांडिया बाजार

बाबांना भूपेन खख्खर माहीत आहेत का विचार. मुंबईचा हा माणूस चार्टर्ड अकाउंटंट होता. 1962 मध्ये बडोद्याला आला, आपल्याच एम.एस. युनिव्हर्सिटीच्या फाईन आर्ट्स फॅकल्टीत कलासमीक्षा शिकला, आणि चित्रं काढता काढता वर्षानुवर्षं अर्धवेळ हिशेबाचं काम करत राहिला. देशातल्या मोठ्या चित्रकारांत त्यांचं नाव घेतात. त्यामुळे सी.ए. की चित्रकला असं भांडण तुमच्या घरात तरी नको.

यावरून तूही सी.ए. करावीस असं मी म्हणत नाही. पण बाबांचा प्रश्न खोटा नाही. त्याला तावातावाने नाही, तपशिलाने उत्तर दे. 1950 मध्ये ही फॅकल्टी सुरू झाली तेव्हापासून तिथं फक्त कॅनव्हास रंगवायला शिकवत नाहीत. आपले इंदूरचे ना. श्री. बेंद्रे तिथं चित्रकला शिकवत. पण शिल्प आहे, मुद्राचित्रण (छापचित्रं) आहे, अप्लाईड आर्ट आहे, कलेचा इतिहास आहे. आणि संग्रहालयशास्त्र आहे, ज्याचं नाव दांडिया बाजारात राहूनही निम्म्या लोकांनी ऐकलेलं नसतं. पॅकेजिंग करणारे, पुस्तकं सजवणारे, संग्रहालयात वस्तू जपणारे, शाळेत शिकवणारे, सगळे या दारातून बाहेर पडतात. पगार सुरुवातीला कमी असतो, हेही बाबांना सांगून टाक. लपवलंस तर पुढे तेच काढतील.

तुझ्यासाठी एकच काम. विद्यार्थ्यांचं वर्षअखेरचं प्रदर्शन लागतं तेव्हा बाबांना घेऊन जा. फाईन आर्ट्सचा गरबा बघायला अख्खं गाव जातं, पण कामं बघायला जात नाही. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींना बाबांसमोर विचार: दिवसाचे किती तास काम करता, सामानाला महिन्याला किती जातात, पुढे काय ठरवलंय? ऐकून तुझाच उत्साह मावळला तर तेही कळलं. प्रवेशाला चाचणी असते. स्केचबुक आजपासून भर. मांडवीच्या बाजारात उभं राहून माणसं काढ, इंटरनेटवरचे डोळे नको.

मुलगा 26 वर्षांचा आहे. चार वर्षं सरकारी क्लास-3 च्या परीक्षा देतोय. अजून दोन वर्षं द्या म्हणतो. आम्ही काय करावं?
— एक आई, निझामपुरा

ताई, त्याला ‘किती दिवस’ असं विचारू नका, ते रोज ऐकून त्याचे कान किटले असतील. एका कागदावर त्याने आजवरच्या प्रत्येक परीक्षेचं नाव, मिळालेले गुण आणि त्या वेळचा कट-ऑफ लिहावा. अंतर दर वेळी कमी होत असेल तर एक वर्ष आनंदाने द्या. तिथंच असेल किंवा वाढत असेल तर आणखी दोन वर्षांनी ते कमी होणार नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, दोष सगळा त्याचा नाही. जानेवारी 2023 मध्ये ज्युनिअर क्लार्कचा पेपर फुटला, परीक्षेच्या दिवशीच ती रद्द झाली, आणि मुलं एसटी स्टँडवरून परत फिरली. असल्या फटक्याने माणूस आतून मोडतो. म्हणून वर्ष द्याल ते अर्धवेळ कामासह द्या. शिकवणी घेऊ दे, कुणाच्या दुकानाचा हिशेब बघू दे. घराबाहेर पडायला कारण हवं.

डिप्लोमा मेकॅनिकल संपतोय. डी-टू-डी करू की अप्रेंटिसला जाऊ?
— तरसाली

डीडीसीईटी देऊन टाक. डी-टू-डीत, म्हणजे डिप्लोमानंतर डिग्रीला, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि 2024 पासून त्यासाठी ही परीक्षा आहे. देऊन ठेवल्याने काही जात नाही. सरकारी किंवा अनुदानित कॉलेज मिळालं तर जा. भरमसाट फीचं आणि रिकाम्या वर्कशॉपचं कॉलेज मिळालं तर अप्रेंटिस हो. फक्त हे जाणून जा की अप्रेंटिस हा कामगार नसतो, त्याला स्टायपेंड मिळतो, पी.एफ. नाही, आणि वर्षानंतर कायम करतीलच असं नाही. कामावर असलेल्यांसाठी सवडीच्या वेळेत चालणारे बी.ई.चे वर्गही आता एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषदेने) मान्य केलेत, त्यामुळे दार बंद होत नाही.

कलाभवन, आपली तंत्रशिक्षणाची जुनी शाळा, 1890 मध्ये निघालं तेव्हाही हातकाम शिकावं की डिग्री घ्यावी हा वाद असणारच. दादासाहेब फाळके तिथंच शिकले, आणि त्यांचा पहिला चित्रपट आला तेव्हा ते 43 वर्षांचे होते. तुला एकविसाव्या वर्षी इतकी घाई कसली?

घरी मराठी, शाळेत इंग्रजी, गल्लीत गुजराती. तिन्ही बोलते, पण इंटरव्ह्यूत कुठल्याच भाषेत सलग पाच वाक्यं येत नाहीत.
— फतेहगंज

हे बडोद्याचं जुनं दुखणं आहे. मी लहानपणी आईला ‘बारणं लाव’ (गुजराती बारणुं, म्हणजे दार) म्हणायचे आणि पुण्याच्या मावशीला वाटायचं, घरात बारसं आहे.

तिन्ही भाषा कच्च्या आहेत असं मला वाटत नाही. एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत सांगायची सवय नाही, एवढंच. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीचं कार्ड काढ. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून तिची घडी बसवली, आणि गावोगावी पेट्यांतून पुस्तकं धाडली. तिथं पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून. आठवड्याला एक पातळ पुस्तक आण. दहा पानं वाचून झाली की पुस्तक मिटून काय झालं ते कुणाला तरी तोंडी सांग, फोनवर रेकॉर्ड कर आणि ऐक. पहिल्या आठवड्यात स्वतःचाच आवाज नकोसा होईल. पहिलं पुस्तक मराठी घे, आणि सांगताना ते शेजारच्या गुजराती मैत्रिणीला गुजरातीत सांग.