एक्सेल ठेवू की टूल घेऊ?

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आमचं शीट मेटलचं छोटं युनिट आहे, इलेक्ट्रिक पॅनलचे बॉक्स करतो, ऑफिस धरून १४ माणसं. सगळ्या ऑर्डरी एका एक्सेलमध्ये, ती फाइल व्हॉट्सअॅपवर फिरते आणि 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल २' असं होत होत खरी कुठली तेच कळत नाही. मागच्या महिन्यात पावडर कोटिंगला (रंगाचा थर चढवायला) बाहेर गेलेले ४० दरवाजे तिकडेच पडून होते आणि शीटमध्ये 'झालं' लिहिलेलं! पुतण्या म्हणतो काका एक्सेल सोडा, ट्रेलो नाहीतर आसना असं कामाचा माग ठेवणारं अॅप घ्या. घेऊ का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : काका, पुतण्याचं निम्मं बरोबर आहे. पण आधी मला सांगा, 'झालं' म्हणजे काय झालं? बेंडिंगवाल्याच्या (पत्रा वाकवणाऱ्याच्या) मते त्याचं काम झालं, ऑफिसात बसलेल्याला वाटलं माल कोटिंग होऊन आला, आणि दोघंही खोटं बोलत नव्हते. तुमची गडबड तिथे आहे. एक्सेल हिशोबाला राजा माणूस, पत्र्याचं वजन, कॉस्टिंग, रेट, जीएसटी हे सगळं तिथेच राहू द्या, कुठलंही टूल ते इतकं चांगलं करणार नाही. पण काम पाच हातांतून जात असेल तर ते आत्ता कुणाच्या हातात आहे हे एका चौकटीत नीट मावत नाही.

ट्रेलोचा बोर्ड म्हणजे तरी काय, कटिंग, बेंडिंग, कोटिंगला गेलं, कोटिंगहून आलं, क्यूसी (तपासणी), डिस्पॅच असे रकाने आणि ऑर्डरचं कार्ड एकातून दुसऱ्यात सरकवायचं. अंबड-सातपूरला गाड्यांचे पार्ट करणाऱ्या कुणालाही कानबान विचारा, ही कार्डं सरकवायची टोयोटाच्या कारखान्यातली पद्धत, सॉफ्टवेअरवाल्यांनी ती तुमच्यासारख्यांकडूनच उचललीय.

तरी लगेच पैसे घालू नका. आधी महिनाभर गूगल शीटवर एकच फाइल ठेवा, लिंक सगळ्यांना द्या, स्टेटसला हेच सहा पर्याय ड्रॉपडाउनमध्ये टाका म्हणजे कुणाला 'झालं' लिहिताच येणार नाही, आणि व्हर्जन हिस्टरीत कुणी कधी काय बदललं ते दिसतं. एवढ्यावर भागलं तर टूलचं नाव काढू नका. एका ऑर्डरची तारीख हलली की मागच्या चार हलतात आणि ते रोज हाताने बदलताय असं व्हायला लागलं, तर मग घ्या. ट्रेलोच्या फुकट प्लॅनला १० जणांची मर्यादा आहे, पण लॉगिन १४ जणांना कशाला, प्रत्येक टप्प्याचा एक माणूस पुरे.

जाता जाता, फाइल अजून जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये असेल तर एक्सएलएसएक्स करून घ्या. जुन्यात ६५,५३६ ओळींवर गाडी थांबते, २०२० मध्ये इंग्लंडात त्यापायी करोनाच्या जवळपास १६ हजार केसेस रिपोर्टातून गळाल्या होत्या. तुमच्या ऑर्डरी तेवढ्या नाहीत, माहितीय, तरी करा.

आणि कोटिंगवाल्याकडून माल आणि त्याचं डिलिव्हरी चलन हातात आल्याशिवाय 'कोटिंगहून आलं' करायचं नाही, तो फोनवर 'निघालाच टेम्पो' म्हणाला तरी.