ऑफिसमधला सर्व्हर आयपीने दर वेळी उघडतो, पण नावाने कधी उघडतो, कधी नाही. शोध कुठून सुरू करावा?

तुमच्याकडे साधारण ८० मशीन्स आहेत. हिशोबाच्या सर्व्हरचं नाव टाकलं की कधी चालतं, कधी ‘सापडत नाही’ येतं, आणि मशीन रीस्टार्ट केलं की थोडा वेळ सगळं सुरळीत. हे सांगता सांगता तुम्ही एक ओळ लिहिलीय : ‘पहिला डीएनएस आमचा आतला सर्व्हर आहे, सेफ्टीसाठी दुसरा ८.८.८.८ दिलाय.’ डीएनएस म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा, आणि ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर. माझा पहिला संशय याच ओळीवर आहे.

दुसरा डीएनएस म्हणजे ‘पहिल्याकडे नाव नाही मिळालं तर याला विचार’ असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. दुसऱ्याला विचारलं जातं ते पहिल्याने उत्तरच दिलं नाही तर. ‘असं नाव अस्तित्वात नाही’ हेसुद्धा डीएनएसच्या लेखी पूर्ण उत्तर आहे, त्यालाच एनएक्सडोमेन म्हणतात. ते मिळालं की मशीन शोध थांबवतं.

आता तुमचा आतला सर्व्हर एखाद्या क्षणी बॅकअपमध्ये किंवा अपडेटमध्ये अडकला, उत्तराला सेकंदभर उशीर झाला, की विंडोज दुसऱ्याकडे वळतं. ८.८.८.८ ला तुमच्या ऑफिसातल्या नावाची माहिती असायचं काही कारणच नाही. तो ‘नाही’ म्हणतो, आणि मशीन त्यावर विश्वास ठेवतं. हा नकार मशीनच्या कॅशमध्येही (उत्तरं तात्पुरती जपायच्या जागेत) जाऊन बसतो. लिनक्सवर सिस्टमडी-रिझॉल्व्हड (नावं शोधून देणारी सेवा) असेल तर तो एकदा दुसऱ्या सर्व्हरवर गेला की तो सर्व्हर बंद पडेपर्यंत तिथेच राहतो. रीस्टार्टने पाटी कोरी होते, म्हणून बरं वाटतं. आजार तसाच राहतो.

माझ्या शब्दावर जाऊ नका, पडताळून बघा. पुढच्या वेळी तक्रार आली की कळकळीची विनंती : त्या मशीनला रीस्टार्ट करू देऊ नका. पुरावा त्यातच असतो. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आधी आयपीकॉन्फिग स्लॅश डिस्प्लेडीएनएस चालवा. हिशोबाच्या सर्व्हरच्या नावाखाली ‘नेम डझ नॉट एक्झिस्ट’ असं दिसलं, तर मशीनने नकार साठवून ठेवलाय. मग तेच नाव दोन्ही सर्व्हरना वेगवेगळं विचारा : एनएसलुकअप, पुढे पूर्ण नाव, पुढे सर्व्हरचा पत्ता. नावाच्या शेवटी टिंब द्यायला विसरू नका, नाहीतर एनएसलुकअप त्याला डोमेनची शेपटी जोडून भलतंच नाव विचारू शकतं. आतल्या सर्व्हरने आयपी दिला आणि ८.८.८.८ ने ‘नॉन-एक्झिस्टंट डोमेन’ म्हटलं, की चित्र स्पष्ट झालं.

इथे भले भले फसतात. एनएसलुकअप विंडोजची कॅश बघत नाही आणि होस्ट्स फाइलही (मशीनवरची नाव-पत्त्यांची यादी) बघत नाही. ते थेट सर्व्हरला विचारतं. म्हणून पिंग नावाने चालत नसतं, पण एनएसलुकअप नीट उत्तर देतं, आणि माणूस ‘डीएनएस ठीक आहे’ म्हणून स्विचच्या वायरी तपासायला जातो. प्रोग्रॅमला जे उत्तर मिळतं ते बघायचं असेल तर पॉवरशेलमधलं रिझॉल्व्ह-डीएनएसनेम वापरा, लिनक्सवर गेटएंट होस्ट्स. एनएसलुकअपचं उत्तर आणि यांचं उत्तर वेगळं आलं, तर दोष मशीनच्या आत आहे : कॅश, किंवा कुणीतरी कधीकाळी होस्ट्स फाइलमध्ये लिहून ठेवलेली ओळ. फक्त ब्राउझरमध्येच नाव चालत नसेल तर ब्राउझरचा ‘सिक्युअर डीएनएस’ चालू आहे का बघा. तो चालू असेल तर ब्राउझर तुमच्या सर्व्हरला वळसा घालून परस्पर बाहेर विचारत असतो.

उपाय असा. मशीन्सना दिलेले सगळे डीएनएस सर्व्हर आतलेच हवेत, आणि सगळ्यांकडे तोच झोन (तुमच्या नावांची नोंदवही) हवा. ॲक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोजची वापरकर्ते आणि मशीन्स सांभाळणारी व्यवस्था) असेल तर तिचा दुसरा डोमेन कंट्रोलर (ती चालवणारा सर्व्हर) हाच तुमचा दुसरा डीएनएस. ८.८.८.८ जाईल सर्व्हरवरच्या फॉरवर्डरमध्ये, म्हणजे बाहेरची नावं सर्व्हरच विचारून आणेल. सर्व्हरच्या स्वतःच्या नेटवर्क कार्डावरही तो ठेवू नका. बदल डीएचसीपीच्या (मशीन्सना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) ऑप्शन ६ मध्ये करा, आणि ज्या मशीन्सना हाताने पत्ता दिलाय त्यांची यादी करून एकेक तपासा. दुसरा सर्व्हर उभा करणं सध्या शक्य नसेल, तर ती जागा रिकामी ठेवा. सर्व्हर बंद पडला तर सगळ्यांचं बंद पडेल हे खरं, पण तो बिघाड लगेच कळतो. आत्ताचा कळत नाही, आणि लोकांचे दिवस खातो. लॉगिनला वेळ लागणं, ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीन्सना एकत्र दिलेले नियम) न लागणं अशा तक्रारीही असतील तर त्यांचं मूळ बहुधा हेच आहे, कारण मशीन डोमेन कंट्रोलरचा पत्तासुद्धा डीएनएसच्या एसआरव्ही रेकॉर्डमधूनच (कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर ते सांगणारी नोंद) शोधतं.

आयपीकॉन्फिग स्लॅश ऑलमध्ये आयपीव्ही६ चा डीएनएस पत्ताही नीट वाचा. पुष्कळदा राउटर स्वतःचाच पत्ता तिथे वाटत असतो, आणि डीएचसीपी कितीही नीट केलं तरी मशीन अधूनमधून त्याला विचारत राहतं.

एवढं करूनही ‘कधी हो, कधी नाही’ राहिलं, तर आतल्या सर्व्हरकडून एकाच नावाचे दोन आयपी येतात का बघा. हिशोबाच्या सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असतील, एक ऑफिसचं आणि एक फक्त बॅकअपचं, तर विंडोज दोन्ही पत्ते डीएनएसमध्ये आपणहून नोंदवतं. मग काही वेळा मशीनला बॅकअपचा पत्ता मिळतो, जिथे त्याला पोचताच येत नाही. त्या कार्डाच्या सेटिंगमधली डीएनएसमध्ये नोंद करण्याची खूण काढा आणि जुना रेकॉर्ड हाताने पुसा. लॅपटॉपच्या शिळ्या नोंदींसाठी स्कॅव्हेंजिंग, म्हणजे जुन्या नोंदी आपोआप पुसणं, असतं. विंडोज सर्व्हरवर ते मुळात बंद असतं, आणि चालू केल्यावर ७ अधिक ७ दिवसांची मुदत धरतं. सर्व्हरच्या नोंदी स्थिर (स्टॅटिक, हाताने केलेल्या) आहेत याची खात्री केल्याशिवाय ते चालू करू नका.

एक अनुभव सांगतो, कारण हे काम करताना तुम्हीही तिथे अडकाल. एकदा नव्या सर्व्हरचं नाव मी रेकॉर्ड बनवण्याआधीच दुसऱ्या शाखेतून तपासलं. ‘नाही’ आलं. लगेच रेकॉर्ड बनवला, तरी त्या शाखेत ‘नाही’च येत राहिलं. मी झोन पुन्हा लोड केला, सर्व्हिस रीस्टार्ट केली, काही फरक नाही. तिथल्या कॅशिंग सर्व्हरने माझाच नकार जपून ठेवला होता. नकार किती वेळ जपायचा हे झोनच्या एसओए रेकॉर्डमधल्या, म्हणजे झोनच्या मुख्य नोंदीतल्या, शेवटच्या आकड्यावरून ठरतं (एसओएचा स्वतःचा टीटीएल, म्हणजे उत्तर जपायची मुदत, त्याहून कमी असेल तर त्यावरून), १९९८ च्या आरएफसी २३०८ या इंटरनेट मानकाने तसं ठरवलंय. आमच्याकडे तो ३६०० सेकंद होता. तासभर लोक थांबून राहिले. तेव्हापासून मी आधी रेकॉर्ड बनवतो, मगच नाव विचारतो. सर्व्हरचा आयपी बदलायचा असेल तेव्हाही तसंच : टीटीएल ८६४०० असेल तर तो एक दिवस आधी ३०० वर आणून ठेवा. बदलाच्या रात्री कमी करून उपयोग नसतो.

फायरवॉलवर पोर्ट ५३ यूडीपीसोबत टीसीपीलाही उघडा असू द्या, यूडीपीत न मावणारी मोठी उत्तरं टीसीपीवरूनच येतात.

आता आधी ८.८.८.८ काढा, दोन-तीन दिवस बघा. तरीही तक्रार आली तर बिघाड चालू असतानाच आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल आणि दोन्ही एनएसलुकअपची उत्तरं, खरी नावं झाकून, इथे टाका. बघून सांगतो.